कोल्हापूर जिल्ह्यातील संरक्षित स्मारके आणि ग्रामपंचायती

एखादी प्राचीन वास्तू ‘संरक्षित स्मारक’ म्हणून घोषित झाली, की तिच्या परिसरातील ग्रामस्थांच्या मनात प्रथम विचार येतो तो स्वतःच्या घराचा. पडलेली भिंत उभारता येईल काय, गटार बांधता येईल काय, मुलासाठी एक खोली वाढविता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात स्पष्ट आहेत. ती गावापर्यंत पोचत नाहीत, म्हणून स्मारकाविषयी आपुलकीऐवजी धास्ती निर्माण होते.

ब्रिटिश अमदानीतील १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा कोल्हापूर संस्थानास लागू नव्हता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व त्यानंतर येथील वास्तूंना भारतीय कायद्याचे संरक्षण मिळण्याचा मार्ग खुला झाला. आज राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा केंद्रीय अधिनियम लागू आहे व त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा अधिनियम असून त्यांची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. १९९९ मध्ये राज्य संरक्षित झालेला विशाळगड या दुसऱ्या वर्गातील होय. आपल्या गावातील वास्तू यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरी नमूद असलेच पाहिजे. अर्ज कोणाकडे करावयाचा हे त्यावरच ठरते.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी वसलेले खिद्रापूर हे पहिल्या वर्गातील उत्तम उदाहरण. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात आकारास आलेले येथील कोपेश्वर मंदिर काळ्या पाषाणाचे असून त्याच्या तळाशी हत्तींची रांग, म्हणजे गजपीठ, आहे. पुढील स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे आहे. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपात उभे राहिले असता वर आकाशच दिसते. तेराव्या शतकाच्या आरंभीचा यादव राजा सिंघण याचा शिलालेखही येथे आहे. शिवालय असूनही या मंदिरापुढे नंदी नाही. लोकपरंपरेप्रमाणे तो नदीपलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या यडूर येथे आहे. स्मारक संरक्षित असले तरी कोपेश्वराची पूजाअर्चा चालूच आहे. संरक्षण म्हणजे देवळाला कुलूप, हा समज किती निराधार आहे, हे यावरून दिसून यावे.

आता घरांच्या प्रश्नाकडे वळू. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापुढील दोनशे मीटरचे विनियमित असते. अंतर संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजावयाचे आहे, देवळाच्या भिंतीपासून नव्हे. गावोगावी गोंधळ होतो तो येथेच. प्रतिषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. परंतु १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगीने करता येते. विनियमित क्षेत्रात नवे बांधकामही परवानगीने होऊ शकते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा; त्यावर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस घेतली जाते. सार्वजनिक गटारे, शौचालये, पाणीपुरवठा व वीजपुरवठ्याची कामे कायद्यातील ‘बांधकाम’ या संज्ञेत मोडत नाहीत, ही गोष्ट सरपंचांनी विशेष ध्यानात ठेवावी. तथापि, कुदळ मारण्यापूर्वी पुरातत्त्व कार्यालयास लेखी कळविणे केव्हाही श्रेयस्कर. आणि प्रत्यक्ष संरक्षित क्षेत्रात तर परवानगीवाचून खोदकाम करताच येत नाही.

नवे स्मारक घोषित करताना प्रथम प्राथमिक अधिसूचना निघते व तिची प्रत स्मारकाजवळ लावली जाते. हितसंबंधी व्यक्तीस हरकत नोंदविण्यास दोन महिन्यांची मुदत असते. या मुदतीत ग्रामसभा घेऊन नकाशा वाचला गेला, तर पुढील बरेच तंटे टळतील. हे क्वचितच घडते.

पन्हाळ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे गडावरच वस्ती आहे, नगरपरिषद आहे, शाळा व बाजारही आहे. ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे. त्याआधी रहिवाशांनी उघड विरोध दर्शविला होता. गाव उठविले जाईल, ही त्यांची भीती होती. यादीतील समावेशाने कोणाच्याही घराची मालकी जात नाही, बंधने येतात ती देशातील कायद्यांतूनच. परंतु हे सांगण्यास अधिकारी उशिरा गेले, तर अफवा आधी पोचते. अंबरखान्याची कोठारे व तीन दरवाजा यांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना विश्वासात घेतल्यावाचून गड राखला जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

गावाकडून वास्तूची हानी होते ती बहुधा द्वेषाने नव्हे, भक्तीने. कोरीव खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, फटींत सिमेंट! रंग चढला की दगडावरील बारीक नक्षी बुजते, आणि तो काढणे हे कष्टाचे व खर्चाचे काम होऊन बसते. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जीर्णोद्धार समित्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी हे वाचून घ्यावे.

शेतात वा पायाच्या चरात जुनी नाणी, मूर्ती सापडल्यास काय करावे? १८७८ चा निखात निधी अधिनियम अद्याप लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा संच मिळाला, त्यात पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी मूर्ती होती. सातवाहनकाळात या नगराचा रोमन जगाशी व्यापारी संबंध होता, याचा तो पुरावा. ती मूर्ती मोडीत गेली नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील शासकीय वस्तुसंग्रहालयाकडे आली, आणि शिक्षकांना विद्यार्थ्यांची सहल तेथे नेता येते.