धारावीतली नोकरी रेफरलनेच मिळते

आजचा विषय वस्ती आणि रोजगार. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती 1 कोटी 24 लाख, आणि त्यातले साधारण 5 पैकी 2 जण झोपडपट्टीत राहणारे. आकडा जुना आहे, पण 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे अजून त्याच्यावरच भागवतोय आपण.

आता धारावी घ्या. आपण ‘झोपडपट्टी’ असा एकच शब्द वापरतो, पण आत गेलात की गल्लीगणिक गाव बदलतं. कोळीवाडा सगळ्यात जुना. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार. चामड्याच्या धंद्यात तमिळनाडूहून आलेली कुटुंबं. जरीकामाला उत्तर प्रदेश-बिहारची पोरं. हे काही कोणी ठरवून केलेलं नाही. गावचा एक जण आला, त्याला काम लागलं, त्याने भावाला बोलावलं. आमच्या आयटीत याला रेफरल म्हणतात, फक्त तिथे बोनस मिळतो!

या रेफरलचा फायदा मोठा आहे. नवखा माणूस उतरला की काम, जेवण आणि झोपायला कारखान्याचाच पोटमाळा मिळतो. मुंबई शहर जिल्ह्यात 2011 ला हजार पुरुषांमागे 832 च बायका होत्या, राज्यात मात्र 929. कुटुंब गावी ठेवून एकटे येणारे पुरुष, हे त्याचं मोठं कारण.

पण किंमतही मोजावी लागते. ज्याने काम दिलं तो गाववाला, नाहीतर नात्यातलाच. मग त्याच्याशी नगामागच्या दरावरून भांडणार कसं? लेखी करार नाही, पीएफ नाही. ऑर्डर थांबली की पगारही थांबला.

बायकांचं तर वेगळंच. पापड लाटणं, मणी ओवणं, कपड्याचे धागे कापणं, सगळं घरात बसून, नगावर. आता जनगणनेचा नियम बघा: वर्षात 6 महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’ कामगार, कमी केलं तर ‘सीमांतिक’. नियमात ही बाई बसते हो. पण दारात आलेल्याने विचारलं, की घरातलेच सांगतात, “ती काही करत नाही, घरीच असते.” झालं, नोंद गृहिणी!

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढच्या पिढीचं. बीकॉम झालेल्या मुलीला भट्टीवर किंवा मशीनवर बसायचं नाहीये, आणि का बसावं? पण वडिलांच्या ओळखी त्या गल्लीतल्या. खाडीपलीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती दिसतात, पण तिथे तिचा रेझ्युमे पुढे सरकवणारं कोणी नाही. आमच्याकडेही कित्येक जागा जाहिरात येण्याआधीच कोणाच्या तरी कॉलेजमित्राने भरलेल्या असतात. म्हणजे पद्धत दोन्हीकडे तीच.

पुनर्विकासात घरं हलली तर पोटमाळ्यावरच्या या कामांचं काय होणार, ते पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या ऑफिसात शेवटची भरती कोणाच्या ओळखीने झाली, तेवढं कमेंटमध्ये टाका.