घराजवळचं कॉलेज स्वस्तच पडतं?

बारावीचा निकाल लागला, की लोणी काळभोरमधल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘एवढं मोठं कॉलेज दारात असताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये कशाला मरायचं?’ दारातलं म्हणजे राजबागेतलं एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ. कधीकाळी राज कपूर यांचं फार्म असलेली ती जागा, तो अवाढव्य घुमट आपणच पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो ना! तिथे शिकावंसं वाटणारच. डिझाइन किंवा फिल्मकडे ओढा असेल, तर जरूर चौकशी करा.

पण समजा, तुम्हाला कम्प्युटर इंजिनीअरिंग करायचंय, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे आणि तुम्ही मुलगी आहात. मग किलोमीटर मोजण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘इथला प्रवेश कॅप राउंडमधून होतो का?’

कारण इथेच पैशांचं गणित फिरतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सेससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही आणि खासगी विद्यापीठांना तर नाहीच. त्यांचे प्रवेश ती स्वतः करतात. म्हणजे दारातल्या कॉलेजात पूर्ण फी आणि वाघोलीच्या किंवा शिवाजीनगरच्या कॉलेजात जवळपास शून्य, असंही होऊ शकतं. चार वर्षांचा हा फरक आहे, रिक्षाभाड्याचा नाही. (होस्टेल, मेस, बसपास मात्र या माफीत येत नाहीत. तो हिशेब वेगळा मांडा.)

मुलांनो, तुम्हालाही कॅपमधून गेलात तर उत्पन्नाच्या त्याच अटीवर निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. ‘आपल्याला काय मिळणारे’ म्हणून फॉर्मच न भरणारे माझ्याच ओळखीत चारजण आहेत.

प्रवासाचा त्रास खोटा नाही. पंधरा नंबरला संध्याकाळी अडकलेल्याला विचारा. दौंड-पुणे गाडीने लोणी स्टेशनवरून जायचं, तर वेळापत्रक आपल्या लेक्चरला विचारून बनलेलं नसतं. म्हणून कॉलेज ठरवण्याआधी एकदा सकाळच्या वेळी खरंच जाऊन बघा. रविवारी नाही, सोमवारी.

आणि इंजिनीअरिंगच हवं असं कुठे आहे? गावातल्या समाजभूषण गणपतराव काळभोर महाविद्यालयात चालत जाऊन पदवी घेता येते. उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षा किंवा एखादं काम शिकणं मला तरी कमीपणाचं वाटत नाही. नको असलेल्या ब्रँचमध्ये चार वर्षं काढण्यापेक्षा कधीही बरं.

कॅपचा ऑप्शन फॉर्म मात्र मित्राचा बघून भरू नका. 2025 च्या नियमांत पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, की सीट आपोआप फ्रीज झाली. दुसऱ्या राउंडला हेच पहिल्या तीन पर्यायांना लागू होतं, तिसऱ्याला पहिल्या सहांना. यंदाचं माहितीपत्रक उघडून हा भाग आधी वाचा.

उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर आख्खा तालुका रांगेत असतो.