नव्या गाडीचे टायर बदलण्याआधी

सुट्टीवरून परतलेल्या मुलांच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास असतो. कोणाकडे थार आली, कोणाकडे जिम्नी, आणि तिला कोणते टायर घातले. गाडी शोरूममधून निघते ती थेट टायरच्या दुकानात. कंपनीचे कोरे टायर उतरवायचे आणि जाड नक्षीचे, मोठ्या मापाचे चढवायचे. गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण माझ्या मामांनी जिम्नी घेतली तेव्हा आम्हाला रुबाबापेक्षा वेगळा प्रश्न सोडवायचा होता. तो आम्ही वहीत हिशेब मांडून सोडवला.

मामांची वस्ती बार्शी तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर आत, शेतात आहे. वाट काळ्या मातीची. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावं लागतं, आणि गावापासून पुढे बावीस किलोमीटर डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली तर आजीची फेरी चुकते. ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागला तर त्याहून वाईट.

कंपनी अशा गाड्यांना बहुधा एचटी, म्हणजे हायवे टेरेन टायर देते. त्याची नक्षी बारीक असते, आवाज कमी येतो आणि इंधन कमी लागतं. बहुतेक गिऱ्हाईक डांबरावरच फिरतं, त्यामुळे कंपनीचं गणित बरोबर आहे. दुसऱ्या टोकाला एमटी, म्हणजे मड टेरेन. त्याचे रबराचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण त्याच रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी होतं. पाणी कापणाऱ्या बारीक चिराही कमी असतात. म्हणून ओल्या रस्त्यावर एमटीची गाडी थांबायला जास्त अंतर घेते. दोन्हींच्या मधला एटी, म्हणजे ऑल टेरेन.

मामांनी एमटी पसंत करून ठेवले होते, तेही २३५/७५ आर १५ मापाचे. जिम्नीचं मूळ माप १९५/८० आर १५. यातला पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. मूळ टायरची बाजू १५६ मिमी, दोन्हीकडच्या मिळून ३१२. त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की चाकाचा व्यास ६९३ मिमी. मामांच्या पसंतीचा निघतो ७३३.५ मिमी, म्हणजे जवळजवळ सहा टक्के मोठा. इंजिन तेच, गिअर तेच, त्यामुळे जमिनीवर मिळणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी हिशेबाने साडेत्रेसष्टला असते. जमिनीपासून गाडी उचलली जाते ती मात्र फक्त २० मिमी, कारण व्यासातली निम्मीच वाढ उंचीत उतरते. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर एवढा टायर आत घासू शकतो, आणि मागच्या दारावर लटकणाऱ्या स्टेपनीचं वजन वाढून बिजागऱ्यांवर ताण येतो.

वहीतले आकडे बघून मामा म्हणाले, "म्हणजे दोन बोटं उंचीसाठी एवढा खर्च होय?" (दोन बोटंही नाही, एकच.)

मग २१५/७५ आर १५ बघितला. व्यास ७०३.५ मिमी, वाढ दीड टक्का. हा चालतो. नक्षी एटीची ठरली, कारण साडेतेवीस किलोमीटरपैकी बावीस डांबर आहे आणि आजी मागच्या सीटवर असते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. जिम्नी किंवा थार फोर व्हील ड्राइव्हमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. पुढची चाकं एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची असतील, तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि गिअरच्या यंत्रणेत ताण साठतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. चारच बदलून जुनी स्टेपनी ठेवणं ही खोटी काटकसर आहे.

आता आपल्या क्षेत्रातली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या टायरचं चित्र नीट बघा. त्याची नक्षी पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड देते, म्हणून तिला नॉन डायरेक्शनल ट्रेड म्हणतात. रुतलेली गाडी बऱ्याचदा मागेच काढावी लागते, हे सैन्याने तेव्हाच ओळखलं होतं. आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन फिरणारा ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड वाळू पार करायला टायरमधली हवा कमी करत असे. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी कमी रुतते. १९४२च्या अमेरिकन डीयूकेडब्ल्यू, म्हणजे 'डक', या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर ड्रायव्हरला आत बसूनच हवा कमी-जास्त करता येत असे. टायर न बदलता होणारा हा बदल आहे आणि त्याला खर्च नाही. मामा आता वस्तीवरून निघताना हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, सावकाश गावापर्यंत येतात आणि डांबर लागलं की छोट्या कंप्रेसरने दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरतात. हे भरणं टाळून वेगात जाऊ नये. कमी हवेचा टायर तापतो आणि फुटू शकतो.

तरीही काळ्या मातीपुढे एटी कमी पडतो. पहिल्या मोठ्या पावसात त्याच्या खाचा भरून टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत झाला. एमटी थोडा जास्त टिकला असता, पण ओढ्याजवळच्या लवणात तोही थांबला असता, असं माझं मत आहे. तिथे ट्रॅक्टरही अडकतो. मोठ्या टायरचे वाचलेले पैसे मामांनी तेवढ्या तुकड्यावर मुरूम टाकायला वापरले. त्या पावसाळ्यात आजीची एकही फेरी चुकली नाही.

दुकानात गेलात तर टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. ९६ एस असं लिहिलं असेल, तर तो टायर ७१० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटर वेग सोसतो. नवा टायर मूळच्यापेक्षा कमी चालत नाही. शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, त्यावरून टायर दुकानात किती दिवस पडून होता ते कळतं. माप बदलताना वॉरंटीचं शोरूमला आणि विम्याचं विमा कंपनीला विचारून घ्या, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाजोगे फेरबदल करू देत नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.