झांकलेल्या रेषांचें ओझें

नांदेड-लातूरकडील लग्नपत्रिकांत कलश, तोरण, वेलबुट्टी एकावर एक रचिलेलीं असतात. असें व्हेक्टर चित्र बिंदूंनीं व वक्ररेषांनीं बांधलेलें असतें. वरच्या आकृतीखालीं झांकलेली आकृति डोळ्यांस दिसत नाहीं, पण संगणक तिचा प्रत्येक बिंदु जपून ठेवितो आणि फाइल फुगते. छपाईंत हें एक वेळ खपतें; फलकाचीं अक्षरें कापणाऱ्या यंत्राचें पातें मात्र झांकलेल्या रेषेवरूनही फिरतें आणि विनाइल मधेंच चिरलें जातें! कोरलड्रॉ वा इंकस्केपमध्यें रंग लपवून नुसत्या बाह्यरेषा पाहिल्या कीं सारा पसारा उघडा पडतो. पूर्ण झांकलेलें काढावें, अर्धवट झांकलेलें छाटावें. वरची आकृति पारदर्शक असल्यास हात आंवरावा. छाटलेल्या कडा तंतोतंत भिडल्या तर केसासारखी पांढरी फट दिसते. म्हणून छपाईच्या चित्रांत खालचा रंग वरच्या कडेखालीं किंचित् सरकूं द्यावा.