ओव्हनचा तांबडा दिवा

गेल्या वैशाखांत गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवीं आमच्या एका आप्तांकडे आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. धार्मिक विधि यथासांग पार पडले. परंतु सायंकाळीं नातवंडांनीं आजोबांसाठीं बिनअंड्याचा केक करण्याचा घाट घातला आणि तेथें मात्र फजिती झाली. तासभर ओव्हनमध्यें राहूनही केक मधोमध कच्चाच! पूर्वीं दोनदां असेंच घडल्यामुळें कारागीर बोलावून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, बदलून घेतला होता. तोही खर्च पाण्यांत गेला. सुनांनीं यंत्रास दूषणें दिलीं. काकूंनीं, आमच्या वेळीं पातेल्याच्या खालीं-वर निखारे ठेवून नानकटाई कशी होत असे, तें ऐकविलें. आमचें लक्ष मात्र ओव्हनच्या तांबड्या दिव्याकडे होतें. त्या तासाभरांत तो एकदांही विझला नव्हता.

या दिव्याचा अर्थ पुष्कळ घरांतून ठाऊक नसतो. बटणावरील आंकडे गॅसच्या शेगडीप्रमाणें आंच लहानमोठी करितात, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा होय. साध्या विजेच्या ओव्हनचें बटण १८० अंशांवर ठेवा कीं २५० वर, आंतील तार तितक्याच जोरानें तापते. किती अंशांवर वीज तोडावयाची, एवढेंच बटण ठरवितें. तें तापमान आलें कीं थर्मोस्टॅट वीज तोडतो व दिवा विझतो. थोडें निवलें कीं 'टिक्' असा आवाज होऊन दिवा पुन्हां लागतो. दिवा अधूनमधून विझतो ही तक्रार घेऊन दुकानांत जाणाऱ्यांस आम्ही पाहिलें आहे. वस्तुतः तें यंत्राच्या प्रकृतीचें लक्षण आहे. तसेंच लवकर तापावा म्हणून बटण शेवटपर्यंत फिरविणें व्यर्थ. त्यानें केक करपतो मात्र लवकर.

आमगांवच्या ओव्हनचा दिवा विझेना, याचा अर्थ ठरलेलें तापमान येतच नव्हतें. घरांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानें मापक लावून पाहिलें, तों २३० व्होल्टच्या जागीं दाब १८० भरला. आतां दाब घटला कीं उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. म्हणजे १६०० वॅटचा ओव्हन १८० व्होल्टवर जेमतेम ९८० वॅटचा उरतो! वैशाखांतल्या रात्रीं घरोघर कूलर चालू, मग दुसरें काय व्हावें? याच जिल्ह्यांत तिरोड्यास ३३०० मेगावॅटचा वीजनिर्मिति-प्रकल्प आहे, मग आमच्याच स्वयंपाकघरांत हें दारिद्र्य कां, असें काकूंनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. परंतु घरांतील दाब प्रकल्पाच्या अंतरावर नव्हे, तर ज्याला सर्रास डीपी म्हणतात त्या रोहित्रावरील भारावर व तेथून घरापर्यंतच्या तारेवर अवलंबून असतो. टी. व्ही.चा लहान स्टॅबिलायझर ओव्हनला जोडूं नये. तो भार त्यास पेलत नाहीं.

दाब पुरेसा असूनही पदार्थ कच्चा राहिला, तर दार नीट मिटतें कीं नाहीं तें पाहावें. मग दोन्ही तारा चालू करून पावाचे काप आंत ठेवावे. एकच बाजू पांढरी राहिली, तर त्या बाजूची तार जळाली असें समजावें. दिवा मुळींच न लागल्यास प्रथम वेळेचें बटण पाहावें. तें शून्यावर असतां ओव्हन चालतच नाहीं; पुष्कळशा 'बिघाडांचें' मूळ तेवढेंच असतें. आंकड्यांच्या पडद्याचे कित्येक ओव्हन वीज जाऊन आल्यावर घड्याळ लावल्याविना तापत नाहींत. गॅसच्या ओव्हनची ज्योत बटण सोडतांच विझत असेल, तर बटण आणखी कांहीं क्षण दाबून धरावें. ज्योतीजवळची संरक्षक कांडी तापेपर्यंत गॅस थांबतो, आणि तें आपल्याच हिताचें आहे.

एक प्रकार मात्र गंभीर. दिवा विझत नाहीं आणि पदार्थ करपतो, असें दिसल्यास थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले असण्याचा संभव असतो. तापमान मग वाढतच जातें. अशा वेळीं ओव्हनच्या बटणाशीं न खेळतां भिंतीवरील स्विच बंद करावा, दार उघडूं नये, आणि दुरुस्तीविना तो पुन्हां लावूं नये. पत्र्यास हात लागतां झिणझिण्या आल्या, किंवा प्लग काळा पडला, तरीही हाच नियम. ओव्हनला १६ ॲम्पियरचें, अर्थिंग असलेलें भिंतींतील सॉकेटच हवें. लांब वायरीचा बोर्ड नको.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां, कूलर बहुतेक थांबल्यावर, धाकट्या सुनेनें तोच ओव्हन पुन्हां लावला. दाब २२५ होता. बाराव्या मिनिटाला दिवा विझला, तेव्हां तिनें केकचें भांडें आंत सरकविलें. आजोबांनीं स्नानसंध्या आटोपून दुधाबरोबर त्याचा तुकडा खाल्ला आणि काकूंच्या नानकटाईची आठवण काढली.