वंशवृक्षातला नंबर काय सांगतो, काय नाही

मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आडनावं मोजकी, त्यात आजोबांचं नाव नातवाला. मग चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत आजोबा, नातू आणि चुलत नातू एकाच नावाने भेटले, तर नवल नाही. वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर प्रत्येकाला नंबर देतं ते एवढ्यासाठीच. पण नंबर दिसला की आपण त्यात अर्थ शोधू लागतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

गैरसमज: पहिला नंबर मूळ पुरुषाचा.

तसं काही नाही. जो आधी भरला, त्याचा नंबर आधी. ‘ग्रॅम्प्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात धाकट्या भाचीपासून केलीत, तर पहिला नंबर तिचा. पणजोबांना ४१२ मिळाला म्हणून कुणी रुसू नये. कोण कुणाचा मुलगा हे नंबरात नसतंच. आईबाप आणि मुलं एकत्र जोडणारी कुटुंबाची वेगळी नोंद असते, नातं तिथे असतं.

गैरसमज: नंबर एकच असतो आणि कायमचा असतो.

शाळा आठवा. हजेरीपटावरचा नंबर दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र दाखल झाल्यापासून दाखला मिळेपर्यंत तोच. सॉफ्टवेअरमध्येही हे दोन प्रकार आहेत. नोंदीचा नंबर हा जनरल रजिस्टरसारखा. छापील वंशावळीतला नंबर हजेरीसारखा, त्या त्या वेळी मोजून काढलेला.

या हजेरीच्या नंबरांत अर्थ असतो, हे खरं. पूर्वजांसाठीची रीत १५९० मध्ये आयत्सिंगरने वापरली, १६७६ मध्ये स्पेनच्या सोसाने. तुम्ही १, कुणाच्याही नंबराची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. १३ म्हणजे ६ ची आई, ६ हा ३ चा बाप, ३ तुमची आई. म्हणजे १३ ही आईच्या वडिलांची आई. काका-मामांना या रीतीत नंबरच नाही! आणि आईवडील एकमेकांचे दूरचे भाऊबहीण निघाले, तर एकच खापरपणजोबा २० आणि २४ अशा दोन जागी बसतात. लहान गावांत हे घडतंच. पूर्वी तशा लग्नाला चर्चची खास परवानगी लागे, त्यामुळे लग्नाच्या नोंदवहीत तसा शेरा दिसला की डोळे उघडे ठेवावेत. नंबर दोन असले तरी माणूस एकच. त्याची दुसरी नोंद करू नये.

वंशजांसाठी फ्रान्सच्या दाबोविलची १९४० ची रीत सोपी: १.२.३ म्हणजे मूळ पुरुषाच्या दुसऱ्या अपत्याचं तिसरं अपत्य. पण बाप्तिस्मा नोंदवहीत तान्हेपणी गेलेली थोरली मुलगी सापडली, की १.१ ती होते आणि बाकीची भावंडं आपापल्या लेकरांसकट एकेक पायरी खाली सरकतात. सॉफ्टवेअर हे क्षणात नव्याने मोजतं. वहीत पेनाने लिहिलेले नंबर मात्र तसेच राहतात.

मग जनरल रजिस्टरचा नंबर तरी पक्का? त्या शाळेपुरताच. शाळा बदलली की नवा नंबर. वंशवृक्ष एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा तो ‘गेडकॉम’ फाइलने. मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये काढलेला हा नमुना आजही चालतो. त्यातले नोंदीचे नंबर फक्त त्या फाइलपुरते असतात. वसईच्या मावसभावाची फाइल तुमच्यात मिसळली, तर दोघांकडचे १७ नंबरवाले वेगळेच लोक असणार. सॉफ्टवेअर एकाला नवा नंबर देईल.

काहींना मध्ये गळालेले नंबर डोळ्यांत खुपतात. चुकून दोनदा भरलेला माणूस काढला, ३८ रिकामा राहिला, राहू दे. त्या जागी दुसरा बसवलात, तर जुन्या टिपणातला ३८ उद्या भलत्याच माणसाकडे बोट दाखवेल.

स्वतःचा नंबर हवाच असेल, तर ‘संदर्भ क्रमांक’ म्हणून वेगळी जागा गेडकॉममध्ये आहे. ‘मनोरी, बाप्तिस्मा वही, अमुक पान’ अशी खूण तिथे घाला. आणि जुन्या फोटोच्या पाठीमागे नुसता नंबर लिहू नका. नाव, बापाचं नाव, जन्मसाल, एवढं मऊ पेन्सिलीने.