बुरशी, विणकाम आणि रॉबर्ट हूक

‘आता बुरशीची घरं!’ असा मथळा अधूनमधून झळकतो. त्यामागचा एक प्रयोग मथळ्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०२३ साली ‘बायोनिट’ या १.८ मीटर उंच घुमटावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या कमानी म्हणजे मेरिनो लोकरीच्या विणलेल्या सडपातळ नळ्या. कागदाची भुकटी, कागदी तंतूंचे गोळे, पाणी, ग्लिसरीन आणि झँथन गम यांच्या लगद्यात बुरशी कालवायची आणि तो नळ्यांत दाबून भरायचा. बुरशी कागदावर पोसते, तिचे तंतू लोकरीत गुंततात आणि वाळल्यावर सगळं कडक होतं. बंद साच्यात बुरशीला प्राणवायू कमी पडतो. विणीतून तो खेळता राहतो. इथे कापड हाच साचा, आणि तो काढायचाही नसतो.

हे वाचताना मला पदोपदी रॉबर्ट हूक आठवतो. शाळेत तो स्प्रिंगच्या नियमापुरता आणि बुचातल्या पेशींपुरताच भेटतो. पण १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने बुरशीचं चित्र काढलं आहे. एका छोट्या पुस्तकाच्या मेंढीच्या कातड्याच्या लाल वेष्टनावर ती वाढली होती, आपल्याकडे पावसाळ्यात चामड्यावर येते तशीच. नाजूक देठ, टोकाला गोल बोंडं. सूक्ष्मजीवाचं हे पहिलं छापील चित्र! त्याच ग्रंथात रेशमी कापड न्याहाळताना, चिकट द्रवापासून कृत्रिम रेशीम काढता येईल, असंही तो सुचवून गेला. पुढे १६७५ साली त्याने कमानीचं रहस्य अक्षरांच्या कोड्यात दडवून छापलं. त्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली प्रसिद्ध झाली: लोंबत्या साखळीचा आकार उलटा करा, की भक्कम कमान मिळते. साखळीत नुसता ताण, कमानीत नुसता दाब.

बुरशीच्या बांधकामाला नेमकं हेच हवं, कारण हा पदार्थ ताणाखाली कच्चा. २०१७ साली सोलमध्ये उभारलेल्या ‘मायकोट्री’ या बुरशीच्या बांधकामाची रचना म्हणूनच अशी बेतली होती, की बुरशीच्या भागांवर फक्त दाब यावा. आकार अचूक असेल, तर दुबळा पदार्थही भार पेलतो.

‘जिवंत वास्तू’ हे बिरुद मात्र मला मान्य नाही. वाळवल्यावर बुरशीची वाढ थांबते, आणि ती थांबवावीच लागते. काँक्रीटच्या मानाने ताकदही फार कमी. आतले पडदे, ध्वनिशोषक तक्ते, तात्पुरते मंडप ही तिची आजची खरी क्षेत्रं आहेत, आणि तीही मोलाची आहेत. तेव्हा पुढचा मथळा वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: बुरशी अजून जिवंत आहे का? आणि भार किती पेलते?